नानांच्या रिसिव्हरचा काटा

माझे सासरे, सावळीराम नाना, सायलीला शाळेतून घरी आणतात. सायली पहिलीत आहे. शाळा इंदिरानगरच्या हायवेखालच्या बोगद्यापलीकडे आहे आणि तिथे गाड्या कशा अंगावर येतात ते नाशिककरांना सांगायला नको. नाना तिचा हात धरतात म्हणून मी नोकरी करू शकते. म्हणूनच नानांच्या डोक्यात काही कमीजास्त झालंय असं कुणी म्हटलं की मला आधी माझी नोकरी सुटलेली दिसते. रविवारी तसं म्हटलं गेलं. माझा संताप अजून उतरलेला नाही.

नाना मूळचे देवळ्याचे. सगळी नोकरी बँकेत कारकुनीत गेली. निवृत्त झाल्यावर कुवेतहून परतलेल्या मित्राकडून त्यांनी जुना जपानी रेडिओ रिसिव्हर घेतला. लाकडी पेटी, हिरवट उजेडाची काच, काचेमागे सरकणारा काटा. काटा सरकवणारा आतला दोरा सैल पडलेला, त्यामुळे एकशे एकच्या जरा पुढे असलेली आकाशवाणी लागायची थेट एकशे तीनवर. तीही लगेच नाही. चहाला उकळी येईपर्यंत पेटी तापू द्यायची, काटा एकशे तीनच्या पुढे न्यायचा आणि हळूच मागे आणायचा. मग लाल दिवा लागायचा आणि दोन्ही स्पीकर भरून वाजायचे. कांद्याचे भाव ऐकले की नाना देवळ्याला कांदा पिकवणाऱ्या भावाला फोन लावायचे. "केरू, तुझ्या मोबाइलवर आलं असंल, तरी ऐक."

रविवारी माझी मोठी नणंद, उज्ज्वलाताई, जेवायला आल्या होत्या. त्यांचे सासरे शेवटी शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हते. तेव्हापासून ताईंना प्रत्येक म्हातारा त्याच वाटेवर दिसतो. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "नाना, लावा की गाणी."

नानांनी पेटी तापू दिली. काटा पुढे नेला, मागे आणला. नुसती खरखर. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. खरखरच.

"रोजचंच स्टेशन ना, नाना?"

"रोजचंच. हितंच लागतं."

"हितं कुठं? सरका बघू." ताईंनी काटा एकशे एकच्या जरा पुढे, छापील आकड्यावर आणला आणि आकाशवाणी खणखणीत लागली. "हे काय! आकड्यावरच तर आहे!"

नाना स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. ताई माझ्याकडे वळल्या. "आणि पोरगी यांच्या हातात देतेस? त्या बोगद्यातून?"

माझा नवरा शेखर मोबाइल बघत बसला होता. नानाच बोलले, "उद्यापासून सायलीला रिक्षा लाव, सूनबाई. माझा भरवसा नाय आता."

मी खरंच घाबरले. ताई गेल्यावर रिक्षावाल्यांची चौकशीही सुरू केली. संध्याकाळी शेखर सहज म्हणाला, "पेटी आता मस्त लागते पण. काल नाना वणीला मुक्कामाला गेले होते ना, तेव्हा माणूस बोलावून नवा दोरा टाकून घेतला. काटा एकदम सरळ."

"काय केलंस?"

"नानांना सरप्राइज द्यायचं होतं गं. सांगायचं राहूनच गेलं."

"दुपारी तोंडाला काय झालं होतं?"

"ताई बोलत होती... लक्षातच नाही आलं."

बाप त्या खरखरीत चाचपडत होता आणि याच्या लक्षात आलं नाही! "विसरलास तू, आणि रिक्षा लावायची नानांमुळे?"

"हळू बोल, नाना ऐकतील."

"ऐकू देत. त्यांनीच ऐकायला हवं."

नानांसमोर, स्पीकरवर, मी त्याला ताईंना फोन करायला लावला. ताई म्हणाल्या, "बरं झालं बाई. तरी पण वय झालंच की." मी फोन कापला.

नानांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं रे ते सरळ करायला? लय शहाणा." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं, सुरू झालं माझं."

सोमवारी कामावर निघताना, सगळं ठाऊक असूनही, मी विचारलंच, "नाना, सायलीला आणाल ना?"

"रिक्षा लावली का?"

"नाही."

"मग विचारतेस काय?"

सायली त्यांचं बोट धरून घरी आली. रोज येते. पण पेटी लावताना नानांचा हात अजून सवयीने एकशे तीनकडेच जातो. मग ते थांबतात आणि कुणी बघत तर नाही ना, हे मागे वळून बघतात. आपल्याच घरात. ते बघितलं की मला शेखरचा नव्याने राग येतो.