चेकिंगच्या दिवशी घरी ठेवलेली पोर

शेलार गावातलं आमच्या संस्थेचं पाळणाघर चालू ठेवायचं तर गुणवत्ता तपासणीची एखादी पद्धत स्वीकारा, असं देणगीदारांनी कळवलं. पर्याय दोन होते. एकात बाहेरचा माणूस येऊन गुण आणि प्रमाणपत्र देणार. दुसऱ्यात आपणच आपल्या उणिवा शोधून सुधारायच्या. मी कामगार संघटनेची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली. 'गुणवत्ता' हा मालकांचा शब्द आहे, असं मी संस्थेच्या बैठकीत ठणकावलं.

"शब्द कुणाचाही असू दे, पद्धत निवड," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आधी पहिली पद्धत करून पाहिली. तपासनीस आले त्या दिवशी मुलं तेल-पावडर लावून गप्प बसली होती. गुण भरपूर मिळाले. फक्त सगळ्यांना चावणारी एक पोर दिसली नाही. संध्याकाळी पाड्याच्या नळावर तिची आई भेटली. ती पूर्णा गावातल्या गोदामात खोकी भरते.

"आज ड्युटी न्हाय?" मी विचारलं.

"पाळणाघरातल्या ताई बोलल्या, चेकिंग हाय, पोरीला घरी ठेव. आता पुढल्या चेकिंगला पन खाडा करू? मुकादम बोललाय, अजून एक खाडा झाला तर येऊच नको."

पाळणाघर सांभाळणाऱ्या ताई आधी लूमच्या कारखान्यात कापड तपासायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दाग दिसला की पगार कटतो. दागी तागा थप्पीत वर कोण ठेवतं, सांग."

मला राग आला, पण त्यांचा नाही. शिक्षेची भीती घालणारी तपासणी दोष लपवायलाच शिकवते, आणि आमच्याकडे तर ज्या पोरीला पाळणाघराची सर्वांत जास्त गरज होती, तिलाच या तपासणीनं घरी बसवलं. पुढच्या बैठकीत मी दुसऱ्या पद्धतीसाठी भांडले. तपासायला आयाही बसतील, उणीव सांगितली म्हणून कुणाचं काम जाणार नाही, आणि पहिला प्रश्न असेल: आज कोण आलं नाही आणि का?

प्रमाणपत्राशिवाय एक वर्ष करून दाखवा, असं देणगीदार म्हणाले.

नव्या पद्धतीच्या पहिल्या बैठकीत ताई जरा चाचरतच बोलल्या, "ही पोर चावते. एकटीला माझ्यानं होत नाही."

"घरी पन चावते," तिची आई म्हणाली. "परवा आज्याला चावली. त्याला दात न्हाईत, न्हाईतर त्यानंच फेडलं असतं."

सगळ्या हसल्या. मग सकाळच्या गर्दीत दोघी-दोघी आया पाळीपाळीनं तासभर थांबतील, असं ठरलं.

पोर अजून चावते, पण रोज येते. आणि तिच्या आईचा त्यानंतर एकही खाडा झालेला नाही.