अण्णांची गाडी बंद पडली तेव्हा

अण्णा, म्हणजे माझे वडील, २००५च्या जूनमध्ये पहिल्यांदाच मस्कतला आले. विमानतळावरून घरी येताना त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "इथलं स्टेशन कुठल्या बाजूला?"

"इथं रेल्वेच नाही, अण्णा. आख्ख्या ओमानमध्ये नाही."

त्यांना ते खरंच वाटेना. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. दोन डब्यांच्या मध्ये बसायचं आणि इंजिनाची शिट्टी झाली की हातानं चाक फिरवून ब्रेक आवळायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळच्या चहाला त्यांचं सुरू व्हायचं, "आता पहिली गाडी जुम्मापट्टीला पोचली असेल." माझी सात वर्षांची मुलगी शाळेत इंग्रजीच बोलायची. आजोबांच्या गाडीच्या गोष्टींसाठी ती मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली.

जुलैच्या शेवटी तिकडे तो भयंकर पाऊस झाला. तीन दिवस कुणाचाच फोन लागेना. चौथ्या दिवशी काकांचा लागला. ते माथेरान स्टेशनवर हमाली करायचे.

"दादा, रूळ हवेत लोंबतायत. खालची मातीच वाहून गेली. गाडी बंद. कधी सुरू होईल, कुणी सांगत नाही."

अण्णांनी फोन ठेवला. "माझं तिकीट बदल. मला जायचंय."

"जाऊन काय करणार? तुम्ही आता नोकरीत नाही."

"इथं बसून तरी काय करू?"

मी तिकीट एजंटला फोन केला. शुक्रवारची सीट होती. मी ती नको म्हटलं, आणि अण्णांना सांगितलं, "सीट नाही म्हणतायत. पुढच्या आठवड्यात बघू." आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. नेरळच्या त्या ओल्या घरात त्यांना पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते इथंच हवे होते.

मग अण्णांना चैन पडेना. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये. जेवताना मध्येच उठून टीव्हीवरच्या बातम्या बघायचे. शुक्रवारी आम्ही त्यांना निझव्याला नेलं. किल्ला, बाजार, हलव्याची दुकानं, कशात त्यांचं लक्ष नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे उघडे डोंगर तेवढे ते बघत होते. "एक झाड नाही. इथं पाऊस पडला तर माती कशी धरून राहणार?" एवढंच बोलले.

रविवारी दुपारी मी बाजारातून आले, तर दार नुसतं लोटलेलं आणि घरात अण्णा नाहीत. बाहेर ऊन असं की कुत्रंही फिरकत नव्हतं. नवरा घाला भागातल्या त्याच्या वर्कशॉपमधून गाडी घेऊन धावत आला. आम्ही सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी ते एजंटच्याच ऑफिसात सापडले. घामानं निथळत, पाण्याचा ग्लास हातात धरून बसलेले.

एजंट माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, सीट तो थी. आपने ही मना किया ना?"

अण्णा घरी येऊन बॅग भरायला बसले. मी त्यांचे शर्ट घडी करून देऊ लागले.

"गाडी मी चालू करणार नाही, एवढं कळतं मला," ते म्हणाले. "पण तिथं सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले असतील. मला त्यांच्यात बसायचंय गं."

"चुकलं माझं."

"चुकलं खरं," ते म्हणाले, आणि चेन ओढून बॅग बंद केली.

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं ते परत गेले.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही नेरळला गेलो तेव्हाही गाडी बंदच होती. पर्यटक टॅक्सीनं वर जात होते, आणि काका आता टॅक्सीतळावर ओझी उचलत होते. अण्णा रोज सकाळी रुळांवरून पहिल्या वळणापर्यंत चढायचे आणि दुरुस्ती करणाऱ्या गँगजवळ बसायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकलतही नव्हतं. एकदा मुलीला घेऊन मीही गेले. माणसं दगड रचत होती. त्यातल्या एकानं अण्णांना काहीतरी विचारलं, तसे ते उठून उतारावर ओणवे झाले आणि बराच वेळ हातवारे करून समजावत राहिले.

गाडी सुरू व्हायला दीड वर्षाहून जास्त लागलं. फेऱ्या आधीपेक्षा कमी आणि वेळाही बदललेल्या. अण्णांनी मस्कतला फोन करून नवं वेळापत्रक मला आख्खं वाचून दाखवलं, आणि प्रत्येक वेळ कशी चुकीची आहे, तेही सांगितलं.