माळावरची तीन दगडं

मालक वारले त्याच साली मी एकटीच मेंढरं घेऊन पालमकडच्या एका तळ्यावर उतरले. पाण्याला लागून हिरवं गवत दिसलं, तिथंच बिऱ्हाड टाकलं. कोकरं लय लहान होती. ती जगली तरच मी जगणार होते.

तेवढ्यात एक म्हातारा धनगर आला. चपला काखेत, अनवाणी पायानं जमीन चाचपत.

"काय गं माय, डोळ्याला गार वाटलं म्हणून बसलीस व्हय? ह्या ओलीत कोकरांची खुरं सडतील."

"मग जाऊ कुठं?" मी चिडूनच म्हणले.

तो हसला. मला वर माळावर घेऊन गेला. तिथं चुलीची तीन काळी दगडं होती.

"कोण्या बाईनं इथं चार दिस चूल पेटवली, म्हंजी जागा कोरडी हाय. जाताना दगडं हलवू नको, मागून कोणीतरी येतंय."

त्यानं माझं बिऱ्हाड वर न्यायला हात लावला आन् च्या बी न पिता गेला. नाव इचारायचं राहिलं. कोकरं समदी जगली.

आता सून मोबाईलवर तळी हुडकती. हुडकू दे. निघताना मी चूल इझवते, दगडं तशीच ठेवते. मागून येणारीला सांगायला तो म्हातारा न्हाई ना आता.