चौदावी आणि पंधरावी कमान

आर्किटेक्टच्या ऑफिसात तिला सगळे वळणबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. का आवडू नये? सरळ भिंती आणि चौकोनी खोल्या काय, कोणीही काढतं. पण साहेबांनी कागदावर ढगासारखं काहीतरी गिरगटून दिलं की ते संगणकात उभं करायचं काम हिचं. पडद्यावर एक जाळी असते, तिच्यावर ठिकठिकाणी बिंदू असतात. त्यातला एक ओढला की आजूबाजूचा सगळा आकार त्याच्यामागून येतो, दोरीवरची ओली चादर ओढावी तसा. किती ओढायचं आणि कुठे थांबायचं हे हिच्या डोळ्याला बरोबर कळायचं.

हा डोळा तिला दिला मामांनी. मामा सुतार. ही सात वर्षांची असल्यापासून ते तिच्या हातात लाकडाची पट्टी द्यायचे, एक डोळा मिटायला लावायचे आणि विचारायचे, "ठमे, सांग बघू, कुठे वाकलीय?" तिने नेमकी जागा दाखवली की "शाब्बास! शोभतेस सुताराची भाची!" म्हणून पाठीत असा धपाटा घालायचे की ठमी चार पावलं पुढे जायची. घरात तिला अजून ठमीच म्हणतात.

वाचनालयाच्या छताचं काम निघालं तेव्हा तिनेच साहेबांकडे मामांचा विषय काढला. छत लाटेसारखं खालीवर होणारं. त्याला आधार म्हणून प्लायवूडच्या बावीस कमानी, आणि एक दुसरीसारखी असेल तर शपथ. हिने संगणकातल्या आकाराचे बावीस काप घ्यायचे, खऱ्या मापाचे कागदी फर्मे छापायचे, आणि मामांनी ते प्लायवर अंथरून कमानी कापायच्या. मामी कुरकुरल्या, "आता या वयात कशाला नसती उठाठेव?" मामांनी त्यांना बोलूच दिलं नाही. भाचीने बोलावलं होतं ना!

पहिले चौदा फर्मे गेले. मग साहेबांना वाचनालयाच्या मंडळींना दाखवायला चित्र हवं होतं. चित्रात छताला एका जागी पोचा आल्यासारखा दिसत होता. हिने एक बिंदू हळूच वर ओढला. पोचा गेला, छत कसं झोकात दिसायला लागलं, साहेब खूश. दुसऱ्या दिवशी उरलेले आठ फर्मे हिने त्याच सुधारलेल्या आकारातून छापले आणि पाठवून दिले. आधीचे चौदा जुन्या आकाराचे आहेत, हे बाई साफ विसरून गेल्या.

कमानी उभ्या राहिल्या त्या दिवशी सगळे तिथे हजर होते. चौदापर्यंत लाट कशी छान चालली होती, आणि पंधरावीला एकदम पायरी! मामांनी खालूनच एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "चार बोटं." कंत्राटदाराने शिडीवर चढून टेप लावली. सात सेंटीमीटर भरले, म्हणजे चार बोटंच.

साहेब म्हणाले, "मॉडेल तर एकसंध आहे. पंधरापासूनच्या सगळ्या मॉडेलला जुळतायत, आधीच्याच जुळत नाहीत." मग सगळे मामांकडे बघायला लागले.

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "फर्मे भाचीच्या हातचे आहेत, ते चुकायचे नाहीत. माझेच डोळे दगा देतायत बहुतेक. कापताना रेघ सुटली असेल."

नेमका त्याच वेळी तिला तो बिंदू आठवला. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण साहेब समोर होते, कंत्राटदार होता, आणि वळणबाई म्हणून मिरवलेली पाच वर्षं होती. ती मूग गिळून बसली. कंत्राटदार हसत म्हणाला, "बाबा, आता घरी बसून नातवंडं खेळवा," तेव्हाही बसली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी एकवेळ समजलो असतो! ऑफिसात परत येऊन तिने जुन्या आकाराची फाईलच पुसून टाकली. मामांच्या चौदा कमानी भंगारात गेल्या, दुसऱ्या सुताराने नव्या केल्या, छताला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजत होत्या तेव्हा तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

यानंतर सहा महिने ती मामांकडे फिरकली नाही. कामं होती म्हणे. मामींचे फोन मात्र यायचे. "अगं, यांनी काय खूळ घेतलंय! घरातल्या प्रत्येक चौकटीला ओळंबा लावून बघतात. काल शेजाऱ्यांकडे जाऊन पंचवीस वर्षांपूर्वी केलेलं कपाट तपासून आले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, नजर ठणठणीत आहे. तर हे म्हणतात, डॉक्टरला सुतारकीतलं काय कळतं!" ती हसल्यासारखं करायची आणि फोन ठेवून बराच वेळ नुसती बसून राहायची.

मग एका बुधवारी मामींचा आवाज बदललेला होता. "हत्यारांची पेटी देऊन टाकतायत. सुतारकामाच्या शाळेतून न्यायला येणार आहेत आज. तू तरी सांग काहीतरी."

ती अर्धी रजा टाकून गेली. पेटी दारातच होती. रंधे, पटाश्या, करवती, सगळं तेलाचा हात फिरवून नीट लावलेलं. मामा खाली बसले होते. तिला बघून त्यांना इतका आनंद झाला की तिला रडू यायला लागलं.

"बरं झालं आलीस, ठमे. हा तुझ्यासाठी बाजूला काढलाय." त्यांनी गुण्या तिच्या हातात ठेवला. काटकोन तपासायचा तो गुण्या, पितळेची पट्टी झिजून चकचकीत झालेली. "तुझ्या कामात काही काटकोन नसतात म्हणा. पण असू दे मामाची आठवण."

गुण्या घेऊन, चहा पिऊन घरी जाता आलं असतं. कोणाला कधी कळलंही नसतं. पण तिच्याच्याने तो गुण्या हातात धरवेना.

"मामा, तुमची रेघ सुटली नव्हती. मी चौदा फर्मे पाठवल्यावर आकार बदलला. तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशीच मला कळलं होतं. मी गप्प बसले आणि नंतर फाईल पुसून टाकली."

मामा उठले, कपाटावरची कागदांची गुंडाळी काढली. सगळे फर्मे त्यांनी जपून ठेवले होते. चौदावा आणि पंधरावा जमिनीवर शेजारी शेजारी अंथरला, कडा जुळवल्या आणि फटीत बोटं ठेवली. चार.

"सहा महिने घरातच होते हे कागद," ते म्हणाले. "एकदाही लावून बघावेसे वाटले नाहीत. भाचीचे म्हणून."

तिने पाय धरायला हात पुढे केले. त्यांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पाया काय पडतेस? जिथे गप्प बसलीस तिथे बोल. लाव फोन साहेबांना. मला ऐकू येईल असा लाव."

तिने लावला. सगळं सांगितलं, फाईल पुसल्याचंसुद्धा. पलीकडून साहेब म्हणाले, "अगं, उद्घाटन होऊन किती दिवस झाले! आता कशाला उकरून काढतेस? जाऊ दे. म्हाताऱ्याला कुठे आठवत असणार आहे ते!"

मामा फोनकडे वाकले. "आठवतंय साहेब. चौदावी आणि पंधरावी. खालून बघून सांगितलं होतं मी, चार बोटं."

तिने फोन ठेवला. मामांनी आत हाक मारली, "अगं, शाळेत कळव, पेटी येत नाही म्हणून." मामी पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. आपल्या भाचीला आज या घरात कोणी बस म्हटलेलं नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

मामांनी हात पुढे केला.

"तो गुण्या दे इकडे."

तिने दिला.