अध्यासनावरचा भाऊ

धाकट्या भावाचं पाणी वकीलबाईंनी लहानपणीच जोखलं होतं. कुणी बडी असामी समोर आली की त्याचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. तरी ऐन उमेदीत त्याने भाडेकरूंच्या हक्कांवर एक सडेतोड पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यापायी बाईंनी त्याला बरंच काही माफ केलं होतं.

पुढे एका सिमेंट कारखानदाराने जुन्या विद्यापीठाला घसघशीत देणगी दिली. त्याच्या वडिलांच्या नावाने कायद्याचं अध्यासन निघालं आणि तिथे भावाची वर्णी लागली. भावाच्या खोलीत कारखानदाराच्या वडिलांचं भलंमोठं तैलचित्र आलं. त्याच्याकडे पाठ होऊ नये म्हणून भावाने टेबल तिरकं लावून घेतलं, आणि तसाच तिरका बसून तो पोरांना न्याय शिकवू लागला.

दुसऱ्याच वर्षी कारखानदाराने कारखान्याच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या कामगारांना घरं खाली करायला सांगितली. ते बाईंकडे आले. कोर्टात बाईंनी भावाच्या पुस्तकातला उतारा वाचला. समोरच्या वकिलाने गालातल्या गालात हसत भावानेच कारखानदाराला लिहून दिलेलं ताजं मत पुढे केलं: या लोकांना तिथे राहण्याचा कसलाही हक्क नाही.

न्यायाधीशांनी दोन्ही चाळलं. "हे एकाच नावाचे दोन गृहस्थ आहेत का?"

"नाही साहेब, माणूस एकच," बाई म्हणाल्या. "मधे खुर्ची मिळाली."

सगळे हसले. बाईंचे कान मात्र शरमेने तापले.

संध्याकाळी भाऊ तणतणत घरी आला. "ताई, चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"शिल्लक होती?"

"मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी लिहून दिलं असतं."

"मग त्याच्या बहिणीने मान खाली घातली असती. चहा घेणारेस?"

एवढं ऐकूनही त्याने चहा घेतला. वर साखर कमी आहे म्हणाला.

निकाल कामगारांच्या बाजूने लागला. कारखानदाराला तोवर दुसरीकडे जमीन मिळाली होती. तो अपिलात गेला नाही. भावावर चिडावं इतकीही त्याने भावाला किंमत दिली नाही. अध्यासनाची मुदत मुकाट वाढवून टाकली.

भावाला तो आपल्या विद्वत्तेचा विजय वाटला. त्याने हौसेने ताईला फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं आणि बाहेर बसलेल्या अशिलाला आत बोलावलं.