दोन हात चार बोटं

"एक मीटर म्हणजे किती?"

मी उभी राहिले. पाचवीत होते. म्हणाले, "दोन हात चार बोटं, गुरुजी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग पहिल्या बाकावर हसू फुटलं आणि मागच्या भिंतीपर्यंत, माझ्यापर्यंत आलं. पहिल्या बाकावर मास्तरांची, साहेबलोकांची पोरं. भिंतीला टेकून मी.

आळंदच्या बाजूला, सीमेवरच्या एका गावातली मराठी शाळा. वसतिशाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चालली होती. पास झालं की सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. गुरुजींनी मापांचा तक्ता लिहून दिला होता. एक मीटर शंभर सेंटीमीटर. एक क्विंटल शंभर किलो. सगळा पाठ होता माझा. पण त्या क्षणी तोंडून घरचं माप निघालं.

मेंढरं आजोबांबरोबर गेली. माझ्या वडिलांकडं, अप्पांकडं, माग राहिला. ते घोंगडी विणायचे. गिऱ्हाईक मीटरनं मागायचं, अप्पा हातानं मोजून द्यायचे. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. असे दोन, वर चार बोटं. झाला मीटर.

गुरुजींनी लाकडी मीटरपट्टी टेबलावर ठेवली. "ये, मोजून दाखव."

मी कोपर टेकवलं. एक हात. दोन हात. चार बोटं. तरी वीतभर पट्टी उरली.

"बघा रे," गुरुजी म्हणाले, "म्हणून यांच्या घोंगड्या आखूड. पाय झाकले की डोकं उघडं."

मला हसले त्याचं काही नव्हतं. सवय होती. पण मला ते खरं वाटलं. माझा बाप लोकांना कमी मोजून देतो, असं वाटलं. घरी अप्पा माप घ्यायला लागले की मी तोंड फिरवायची. दोन दिवस बोलले नाही.

"कामून रुसलीस गं?" अप्पांनी विचारलं.

"तुमी लोकान्ला फसवायलाव."

माग थांबला. "कोण म्हनलं?"

"गुरुजी."

चिडले नाहीत. शेजारची अक्का ब्लाउज शिवायची, तिची टेप आणायला लावली. जमिनीवर कोपर टेकवून हात लांब केला. "मोज. तूच मोज."

सेहेचाळीस. दोन हात, ब्याण्णव. चार बोटं, आठ.

शंभर.

मी पुन्हा मोजलं. शंभरच.

"हात तुजा बारका हाय, बाय," अप्पा म्हणाले. "माप बारकं न्हाई."

परीक्षेच्या फॉर्मवर गुरुजींचीच सही लागायची. हेडमास्तर तेच. दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन गेले, टेपही घेतली. वर्ग भरलेला होता.

"गुरुजी, तुमचा हात मोजू का?"

"काय?"

"मोठ्या माणसाचा हात लागतो. अप्पांचा मोजला. शंभर भरलं."

मी टेप पुढं केली. गुरुजींनी हात टेबलाखाली घेतला.

तो मागं घेतलेला हात अजून डोळ्यासमोर आहे. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांनी फॉर्म पुढ्यात ओढला, पेन उघडलं. "सगळ्यांसमोर म्हण, आमच्या घरचं माप खोटं आहे. लगेच सही करतो."

पेन कागदापासून बोटभर वर. मला ती शाळा हवी होती. फार हवी होती.

"म्हणणार न्हाई," मी म्हणाले.

पेनाला टोपण लागलं. मुदत संपली, फॉर्म तसाच राहिला.

मी त्या परीक्षेला बसले असते तर पास झाले असते. हे आजही म्हणते. पुढं एसटीनं जाऊन-येऊन कलबुर्गीला बी.ए. केलं. घरातली पहिली पदवी. लोक शाल घालतात, म्हणतात, बघा, शेवटी झालंच ना. नाही झालं. जे गेलं ते गेलं. त्याच्यावर शाल टाकू नका.

आता दर रविवारी वस्तीवरची पाच पोरं माझ्या ओट्यावर बसतात. परीक्षा तीच, तक्ता तोच. मी एक मीटरसमोर दोन उत्तरं पाठ करायला लावते. शंभर सेंटीमीटर, पेपरात लिहायला. दोन हात चार बोटं, कुणी हसलं तर सांगायला.

शाळेत हेडमास्तर दुसरे आलेत. टेबल तेच आहे. मागच्या वर्षी मला म्हणाले, "बाई, फॉर्म ठेवून जा, बघू." मी खुर्ची ओढली आणि बसले. शाळा सुटायच्या वेळेला सह्या झाल्या.

उद्या सोमवार. पाच फॉर्म आहेत. पाचही सह्या झाल्याशिवाय मी उठणार नाही. टेप पिशवीत ठेवलीय.