उसने डोळे

माझी धाकटी बहीण दीड वर्षाची असताना तापाने गेली, तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. मुखेडला स्टुडिओ होता, पण हसत्याखेळत्या लेकराचा फोटो काढायची कुणाला घाई असते? शेवटी ती गेली त्याच दिवशी स्टुडिओवाला घरी आला. आईच्या मांडीवर निजल्यासारखा तिचा फोटो निघाला.

मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर नको, असं वडील म्हणाले. स्टुडिओवाल्याने नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. "डोळे उघडून देतो, पर कुणाचे तरी लागतील. घरातलंच कुणी आणा." मग मला नेऊन स्टुलावर बसवलं. मी आठ वर्षांची. "हसू नको बरं बाळ," असं सांगणारा फोटोवाला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

माझे डोळे कापून, लहान करून तो दुपारभर तिच्या पापण्यांखाली बसवत होता. मधेच माऊस सोडून शेजारी बसलेल्या आईला विचारायचा, "वहिनी, असेच काळेभोर होते का?" आई सांगायची, तो करायचा.

फोटो भिंतीवर लागला. रोज दिवा लावला की आई त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहायची आणि मला राग यायचा. डोळे माझे आणि माया तिला! हे मी कुणाला बोलले नाही, पण लग्न होऊन लातूरला आले तेव्हाही ते आत धुमसतच होतं.

गेल्या वर्षी मी माहेरी असताना भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटला. सोडवताना नेमका डोळ्यांवरचा पापुद्रा निघून आला. स्टुडिओ केव्हाच बंद झालेला. त्यात काय, फोनवर करू, म्हणून मी त्या फोटोचा फोटो घेतला आणि ॲपमध्ये टाकला. चहाला उकळी यायच्या आत डोळे तयार. टपोरे, चमकदार, लांब पापण्यांचे. ॲपने आईला काही विचारलं नाही.

आईने फोन जवळ धरला, लांब धरला. "हे कुणाचं लेकरू हाय गं?"

"आपलंच की."

"न्हाई. डोळे हिचे न्हाईत."

मला राहवलं नाही. "आई, आधीचे तरी तिचे कुठं होते? माझेच होते ना?"

"ठाऊक हाय की मला. तिचे कसे होते ते आता आठवतच न्हाई. लई ताण दिला डोक्याला. तुझेच येतात म्होरं."

माझा इतक्या वर्षांचा राग गळूनच गेला. त्या लेकराचं म्हणून आईकडे काहीच उरलं नव्हतं, आणि मी तिच्यावर रुसून बसले होते.

"तुझेच बसव परत," आई म्हणाली.

दारात उजेडाला उभी राहून मी स्वतःचा फोटो काढला. डोळे कापले, बोटांनी लहान केले, बसवले. पण हे डोळे आता तिशी ओलांडलेले, कडेला सुरकुत्या, खाली काळी वर्तुळं. दीड वर्षाच्या तोंडावर दमलेल्या बाईची नजर. बघवेना. सुरकुत्या पुसायची सोय फोनमध्ये होती. मी बोट नेलं, तर आईने माझा हात धरला.

"राहू दे. जगली असती तर तीबी आता बाईच झाली असती."